वाचकांचे प्रश्न : व्यवस्थापन एजंटमधली फट आणि ‘सिस्टिम’चे अधिकार

कंपनीतल्या संगणकांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधले प्रिव्हिलेज एस्कलेशनचे दोष, म्हणजे साध्या युजरला चोरवाटेने अ‍ॅडमिनच्याही वरचे अधिकार मिळवून देणाऱ्या फटी, या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. ‘एजंट’ म्हणजे या सॉफ्टवेअरचा प्रत्येक मशीनवर बसवलेला भाग, ‘कन्सोल’ म्हणजे त्याला हुकूम देणारा मध्यवर्ती पडदा, आणि ‘सिस्टिम’ म्हणजे विंडोजचं स्वतःचं सर्वाधिकारी खातं.

प्रश्न : आमच्या व्यवस्थापन सॉफ्टवेअरच्या एजंटमध्ये ‘लोकल प्रिव्हिलेज एस्कलेशन’ असल्याची सूचना विक्रेत्याकडून आली. तीव्रता ७.८. वरिष्ठ म्हणतात, हल्लेखोर आधीच मशीनवर असेल तरच याचा उपयोग, तेव्हा तिमाही देखभालीत पॅच लावू. हे बरोबर आहे का?

नाही. ७.८ हा या जातीच्या दोषांचा ठरलेलाच आकडा आहे. हल्ला त्याच मशीनवरून, करायला सोपा, साध्या युजरचे अधिकार पुरेसे, दुसऱ्या कुणी क्लिक करायची गरज नाही, आणि गोपनीयता, अचूकता, उपलब्धता तिन्हींवर पूर्ण परिणाम : सीव्हीएसएस ३.१ च्या, म्हणजे दोषांची तीव्रता मोजण्याच्या पद्धतीच्या, सूत्रात एवढं भरलं की ७.८ येतंच. आपल्याकडे तो एजंट किती मशीनवर आहे, हे त्या सूत्राला माहीत नसतं.

फसव्या मेलमधली फाइल एखाद्याने उघडली की हल्लेखोर त्या कर्मचाऱ्याच्या साध्या खात्यावर येतो. तिथे त्याचं घोडं अडतं. ईडीआर, म्हणजे हल्ले ओळखणारं सुरक्षा सॉफ्टवेअर, बंद करता येत नाही, मेमरीतले इतरांचे पासवर्ड-हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपं) काढता येत नाहीत, स्वतःची सर्व्हिस (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम) बसवता येत नाही. एजंट मात्र ‘सिस्टिम’ खात्यावर चालतो आणि सगळ्या मशीनवर एकाच व्हर्जनचा असतो. म्हणजे एका मशीनवर जमलेली युक्ती सगळीकडे जशीच्या तशी लागू. ‘आधीच आत असेल तर’ ही अट कागदावर मोठी वाटते. प्रत्यक्षात एक चुकीचा क्लिक एवढीच तिची किंमत असते.

सगळं एकदम जमत नसेल तर क्रम असा लावा. आधी टर्मिनल सर्व्हर आणि व्हर्च्युअल डेस्कटॉपचे होस्ट, कारण तिथे एकाच मशीनवर अनेक साधे युजर बसलेले असतात आणि एकाला ‘सिस्टिम’ मिळालं की बाकीच्यांची सेशन्सही त्याच्या हातात. मग हेल्पडेस्क आणि अ‍ॅडमिन लोकांचे लॅपटॉप. मग अनेकांनी वापरायची सामाईक मशीन्स. उरलेली त्यानंतर. अमेरिकेच्या ‘सिसा’ या संस्थेची, प्रत्यक्ष वापरात आलेल्या दोषांची यादी २०२१ पासून सगळ्यांना खुली आहे. आपल्या दोषाचा सीव्हीई क्रमांक, म्हणजे त्याची जगभर चालणारी ओळख, त्यात दिसला तर ‘तिमाही’ हा शब्द बैठकीत काढूच नये. यादीत नसेल तरी दोन आठवड्यांपेक्षा जास्त थांबण्याचं समर्थन आम्हाला करता येणार नाही.

प्रश्न : अशी फट नेमकी कुठे तयार होते? सूचनेत ‘इम्प्रॉपर परमिशन्स’ एवढंच लिहिलेलं असतं.

चार-पाच जागा अशा आहेत की तिथेच हे पुन्हा पुन्हा घडतं.

पहिली जागा म्हणजे प्रोग्रॅमडेटा फोल्डर. एजंटला लॉग, कॅशे, डाउनलोड केलेली पॅकेजेस ठेवायला जागा लागते आणि बहुतेक उत्पादक ती इथेच घेतात. विंडोजमध्ये प्रोग्रॅमडेटावर साध्या युजरला मुळातच नवीन फाइल आणि फोल्डर तयार करायची मुभा असते आणि ती खालच्या फोल्डरना वारशाने मिळते. इन्स्टॉलरने आपल्या फोल्डरवर वेगळ्या, कडक परमिशन लावल्या नाहीत तर ‘सिस्टिम’ जिथून डीएलएल (प्रोग्रॅमला लागणाऱ्या कोडची फाइल) किंवा स्क्रिप्ट उचलतो तिथे कुणीही फाइल टाकू शकतो. याहून खोडसाळ प्रकार म्हणजे एजंट बसण्याआधीच त्याच नावाचा फोल्डर युजरने तयार करून ठेवणं. मग त्या फोल्डरचा मालक तो युजर. इन्स्टॉलरने नंतर परमिशन कडक केल्या तरी मालकाला त्या पुन्हा बदलता येतात.

दुसरी जागा तपासणी आणि वापर यांच्या मधली. एजंट पॅकेज उतरवतो, त्याची सही तपासतो, मग चालवतो. सही तपासल्यावर आणि चालवण्याआधी काही मिलिसेकंद जातात. फाइल युजरला लिहिता येईल अशा जागी असेल तर तेवढ्यात ती बदलली जाते. एजंट इमानदारीने तपासतो एक फाइल आणि चालवतो दुसरीच. तपासणी कितीही कडक केली तरी हे सुटत नाही. फाइल सुरक्षित फोल्डरमध्ये नेऊन मग तपासावी लागते, किंवा तपासल्यापासून चालवेपर्यंत ती उघडी धरून दुसऱ्याला लिहायला मज्जाव करावा लागतो.

तिसरी, जंक्शन. एका फोल्डरकडे जाणारी वाट दुसऱ्या फोल्डरकडे वळवणारं जंक्शन बनवायला विंडोजमध्ये अ‍ॅडमिन असावं लागत नाही. ‘सिस्टिम’ म्हणून चालणारा एजंट युजरच्या ताब्यातल्या फोल्डरमधले जुने लॉग पुसायला गेला की तो दुसरीकडचंच काहीतरी पुसून येतो. नुसतं पुसल्याने काय होणार, असं वाटेल. पण हव्या त्या जागेची फाइल किंवा फोल्डर पुसता येणं हे विंडोज इन्स्टॉलरच्या रोलबॅक (फसलेले बदल मागे घेणाऱ्या) यंत्रणेच्या मदतीने थेट ‘सिस्टिम’पर्यंत नेतं, हे झीरो डे इनिशिएटिव्ह या दोष शोधणाऱ्या उपक्रमाने मार्च २०२२ मध्ये जाहीरपणे मांडलं आहे. त्यामुळे ‘फक्त फाइल डिलीट’ असं लिहिलेली सूचना हलकी समजू नका.

चौथी, ट्रेमधला, म्हणजे टास्कबारच्या कोपऱ्यातला, एजंटचा आयकॉन आणि सर्व्हिस यांच्यातलं बोलणं. आयकॉन युजरच्या अधिकारात चालतो, सर्व्हिस ‘सिस्टिम’च्या, आणि दोघं नेम्ड पाइप (दोन प्रोग्रॅममधली वाहिनी) किंवा लोकल पोर्टवरून बोलतात. ‘हे इन्स्टॉल कर’ असं कोण म्हणतंय आणि ‘हे’ म्हणजे काय, या दोन्हींची खातरजमा सर्व्हिसने करायला हवी. २०२४ मध्ये टीमव्ह्यूअर या दूरनियंत्रणाच्या सॉफ्टवेअरच्या विंडोज आवृत्तीत सापडलेले दोन दोष, सीव्हीई-२०२४-७४७९ आणि ७४८१, याच घराण्यातले : ड्रायव्हर बसवताना सहीची तपासणी अपुरी होती. १५.५८.४ मध्ये ते दुरुस्त झाले.

पाचवी, एमएसआयची, म्हणजे विंडोजच्या इन्स्टॉलर पॅकेजची, दुरुस्ती. एमएसआयने बसवलेल्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर विंडोजच्या इन्स्टॉलर फोल्डरमध्ये जपून ठेवला जातो आणि साधा युजरही ‘रिपेअर’ सुरू करू शकत असे. दुरुस्तीच्या पायऱ्यांतली एखादी ‘सिस्टिम’ म्हणून चालणारी असेल आणि तिने क्षणभर काळी कन्सोल खिडकी उघडली, तर ती खिडकी रोखून धरून तिच्या प्रॉपर्टीजमधल्या लिंकवरून ब्राउझर आणि ब्राउझरमधून कमांड प्रॉम्प्ट मिळवता येत होता. हा सीव्हीई-२०२४-३८०१४, मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्त केला. ऑगस्ट २०२५ च्या अपडेटने इन्स्टॉलर आणखी आवळला, आणि काही सॉफ्टवेअर उघडताना साध्या युजरना अचानक अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला जाऊ लागला. तक्रारी आल्या म्हणून ते अपडेट काढून टाकणं हा उपाय नव्हे. तुमच्याकडे कुणी स्वतः एमएसआय बनवत असेल तर त्याच्या कस्टम अ‍ॅक्शन्समध्ये (बसवताना चालणाऱ्या जादा पायऱ्यांमध्ये) कमांड प्रॉम्प्ट किंवा पॉवरशेलची दिसणारी खिडकी उघडते का, ते आजच बघा.

प्रश्न : आमच्या मशीनवर हे आम्हीच तपासू शकतो का? कसं?

शकता, आणि विकतचं काही लागत नाही. एक चाचणी मशीन घ्या, कर्मचाऱ्यांना मिळतं तसंच, आणि साध्या युजरने लॉगिन करा.

सर्व्हिसेसच्या यादीतून एजंटची सर्व्हिस शोधा. ‘एससी क्यूसी’ या कमांडला तिचं नाव दिलं की ती कोणत्या खात्यावर चालते आणि एक्झी, म्हणजे प्रोग्रॅमची मूळ फाइल, कुठे आहे ते दिसतं. मार्गात स्पेस असून भोवती अवतरणचिन्हं नसतील तर ती नोंद करा, कारण विंडोज मग स्पेसपाशी मार्ग तोडून दुसरीच फाइल चालवू शकतं. मात्र हा दोष खरा तेव्हाच, जेव्हा मधल्या एखाद्या फोल्डरमध्ये साध्या युजरला लिहिता येतं. प्रोग्रॅम फाइल्समध्ये ते येत नाही. दोष शोधणारा स्कॅनर मात्र दोन्हींना एकाच रंगात लाल करतो.

मग ‘आयकॅकल्स’ ही परमिशन दाखवणारी कमांड एजंटच्या एक्झी फोल्डरवर आणि प्रोग्रॅमडेटातल्या फोल्डरवर चालवा. ‘युजर्स’, ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ किंवा ‘एव्हरीवन’ यांच्यापुढे एफ, एम किंवा डब्ल्यू (पूर्ण, बदलण्याचा किंवा लिहिण्याचा अधिकार) दिसलं की थांबा. डब्ल्यूडी आणि एडी ही अक्षरं दिसली तर तो प्रोग्रॅमडेटाचा वारसा. फाइल टाकणं आणि फोल्डर बनवणं चालू आहे असा त्याचा अर्थ. आत शेकडो उपफोल्डर असतील तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनसंचातलं ‘अ‍ॅक्सेसचेक’ लिहिता येणाऱ्या जागा एका फटक्यात काढून देतं. फोल्डरचा मालक कोण, हे बघायला बहुतेक जण विसरतात.

त्यानंतर त्याच संचातलं, प्रोग्रॅम कोणत्या फाइली उघडतात ते दाखवणारं ‘प्रोसेस मॉनिटर’, पण हे अ‍ॅडमिन म्हणून चालवावं लागतं. फिल्टर लावा : प्रोसेस एजंटची, निकाल ‘नेम नॉट फाउंड’, मार्गाचा शेवट डीएलएलने. आता सर्व्हिस रीस्टार्ट करा. ‘सिस्टिम’ ज्या फाइली शोधतो पण त्याला सापडत नाहीत, त्यांची यादी येईल. त्यातली एखादी जागा युजरला लिहिता येण्यासारखी असेल तर फट सापडली. एजंटचं अपडेट आणि ‘सॉफ्टवेअर इन्स्टॉल’ ही कामंही याच फिल्टरखाली करून बघा. नुसत्या रीस्टार्टमध्ये अर्धी गंमत दिसत नाही. जाता जाता रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या भांडारात) ‘ऑलवेज इन्स्टॉल एलिव्हेटेड’ बघा. मशीन आणि युजर दोन्ही शाखांत ते १ असेल तर एजंटमध्ये दोष शोधायची गरजच नाही, कुठलाही एमएसआय ‘सिस्टिम’ म्हणून बसतो.

परमिशन हाताने आवळताना दोन गोष्टी हमखास बिघडतात. ‘आयकॅकल्स’ला वारसा काढायला ‘आर’ दिलं आणि नवीन परवानग्या त्याच कमांडमध्ये दिल्या नाहीत, तर वारशाने आलेलं सगळंच उडतं आणि एजंट स्वतःच्याच फोल्डरला मुकतो. आधी ‘डी’ देऊन वारसा प्रत म्हणून उतरवा, मग नको ते काढा. दुसरं, ‘युजर्स’ पूर्ण काढून टाकले की ट्रेमधला आयकॉन आणि सेल्फ-सर्व्हिस पोर्टल बंद पडतं, कारण ते युजरच्या अधिकारात चालतात. ‘सिस्टिम’ आणि ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ना पूर्ण, ‘युजर्स’ना वाचणं आणि चालवणं, एवढं ठेवा. स्क्रिप्टमध्ये गटाचं नाव लिहिण्याऐवजी एसआयडी, म्हणजे त्याचा ठरलेला ओळख-क्रमांक, लिहा : ‘युजर्स’साठी एस-१-५-३२-५४५, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’साठी एस-१-५-३२-५४४, ‘सिस्टिम’साठी एस-१-५-१८. दुसऱ्या भाषेच्या विंडोजवर गटांची नावं बदलतात, एसआयडी बदलत नाहीत. आणि एजंटचं पुढचं अपडेट तुमची मेहनत पुसून टाकू शकतं, म्हणून हीच तपासणी दर अपडेटनंतर आपोआप चालेल अशी लावून ठेवा.

प्रश्न : कन्सोलवर पॅच जवळजवळ सगळीकडे ‘यशस्वी’ दिसतो. स्कॅनर मात्र जुनंच व्हर्जन दाखवतो. खरं कुणाचं?

बहुधा स्कॅनरचं. एजंट स्वतःलाच बदलत असतो, चालू एक्झी लॉक असते, म्हणून नवीन फाइल बाजूला ठेवून ‘रीबूटनंतर बदल’ अशी नोंद केली जाते. इन्स्टॉलरने यश कळवलेलं असतं, मेमरीत मात्र जुना एजंट. ३०१० हा परतीचा कोड कन्सोल ‘यशस्वी’त मोजत असेल तर तो वेगळा काढा : त्याचा अर्थ काम झालं, रीबूट बाकी. लॅपटॉप लोक आठवडेच्या आठवडे नुसते मिटून ठेवतात, हे गृहीत धरूनच रीबूटची मुदत लावा.

टक्केवारीचा छेदही बघा. कन्सोल फक्त हजेरी लावणाऱ्या मशीन्स मोजतो. ज्यांचा एजंटच मेलाय, जी कपाटात आहेत, ज्यांनी महिनाभर तोंड दाखवलं नाही, ती हिशेबात नसतात. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतली (कंपनीच्या युजर आणि मशीन्सच्या मध्यवर्ती नोंदवहीतली) खाती आणि मालमत्तेची यादी यांच्याशी ताळा घ्या. नवीन मशीन बनवायच्या इमेजमध्ये, म्हणजे तयार साच्यात, जुना एजंट राहिला असेल तर दोष रोज नव्याने तुमच्याकडे येत राहील.

ड्रायव्हरचा मामला आणखी चिवट. डेलच्या फर्मवेअर अपडेट साधनांबरोबर येणाऱ्या डीबीयूटिल ड्रायव्हरमधला दोष, सीव्हीई-२०२१-२१५५१, मे २०२१ मध्ये जाहीर झाला. साधन अद्ययावत करणं तिथे पुरेसं नव्हतं. विंडोजच्या आणि युजरच्या टेम्प फोल्डरमध्ये पडून राहिलेली ड्रायव्हरची फाइल शोधून काढावी लागली. सही असलेला जुना ड्रायव्हर हल्लेखोर स्वतःही घेऊन येतो, त्यामुळे मायक्रोसॉफ्टची घातक ड्रायव्हरची ब्लॉकलिस्ट चालू आहे का, तेही पाहा.

घाई असली तरी आधी एक छोटा गट, एक दिवस निरीक्षण, मग बाकीचे. एजंटच बिघडला तर तो दुरुस्त करायची दूरची वाटही त्याच्याबरोबर जाते. दुसरी वाट, मग ती ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशीन्सना एकत्र सेटिंग्ज पाठवायची विंडोजची सोय) असो वा रिमोट पॉवरशेल, आधी चालवून बघा.

प्रश्न : सॉफ्टवेअर बसवायच्या आमच्या स्क्रिप्टमध्ये लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड आहे. स्क्रिप्ट फक्त कन्सोलवर दिसते, मग धोका काय?

ती चालायची म्हणजे मशीनवर उतरणार, आणि उतरली की कॅशेत, लॉगमध्ये किंवा प्रोसेसच्या कमांडलाइनमध्ये तिचा माग राहणार. जॅम्फ या मॅकच्या व्यवस्थापन सॉफ्टवेअरमध्ये स्क्रिप्टचे चौथ्या क्रमांकापासून पुढचे पॅरामीटर आपल्याला भरता येतात आणि अनेक जण तिथे पासवर्ड देतात. मॅकवर ‘पीएस’ कमांड साध्या युजरलाही रूटच्या, म्हणजे मॅकच्या सर्वाधिकारी खात्याच्या, प्रोसेसचे आर्ग्युमेंट दाखवते. पासवर्ड सगळीकडे एकच असेल तर एका मशीनवर वाचला की सगळी मशीन्स गेली. ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमध्ये पासवर्ड ठेवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये याच कारणाने बंद केली. पासवर्ड एन्क्रिप्टेड होते खरे, पण किल्ली जाहीर कागदपत्रांत छापलेली होती.

विंडोज लॅप्स एप्रिल २०२३ पासून विंडोजमध्येच आहे : प्रत्येक मशीनला वेगळा, आपोआप बदलणारा पासवर्ड. ते लावा आणि स्क्रिप्टमधला पासवर्ड काढा. काढणं पुरत नाही, बदला. मायक्रोसॉफ्टच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या, म्हणजे जुन्या एससीसीएमच्या, नेटवर्क अ‍ॅक्सेस अकाउंटचं (क्लायंटला सर्व्हरवरून फाइली आणता याव्यात म्हणून दिलेल्या खात्याचं) उदाहरण बोलकं आहे. त्याचा पासवर्ड प्रत्येक क्लायंटवर एन्क्रिप्ट करून ठेवलेला असतो आणि त्या मशीनचा अ‍ॅडमिन तो उलगडू शकतो. कन्सोलमधून अकाउंट काढलं तरी क्लायंटच्या डब्ल्यूएमआय (विंडोजची व्यवस्थापनाची माहिती ठेवणाऱ्या) भांडाराच्या फाइलमध्ये जुनी नोंद उरू शकते. म्हणून एन्हान्स्ड एचटीटीपीकडे (या खात्याची गरज न लागणाऱ्या जोडणीकडे) वळल्यावर ते खातं डिरेक्टरीतच बंद करा.

प्रश्न : हेल्पडेस्कला कन्सोलवर फक्त ‘स्क्रिप्ट चालवा’ एवढाच अधिकार दिला आहे. एवढं चालेल ना?

कुठल्या मशीनवर, त्यावर आहे. व्याप्तीत डोमेन कंट्रोलर, म्हणजे कंपनीची सगळी खाती सांभाळणारा सर्व्हर, असेल तर तुम्ही हेल्पडेस्कला डोमेन अ‍ॅडमिन केलंय. ग्लोबल अ‍ॅडमिनचा लॅपटॉप असेल तर क्लाउडच्या किल्ल्याही दिल्या. इथे सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही, सीव्हीई क्रमांक मिळणार नाही आणि पॅचही येणार नाही. आमच्या मते या विषयातली सगळ्यात दुर्लक्षित फट हीच.

डोमेन कंट्रोलर, सर्टिफिकेट सर्व्हर आणि अ‍ॅडमिन मशीन्स हेल्पडेस्कच्या व्याप्तीतून काढा. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या इंट्यून या व्यवस्थापन सेवेत स्कोप टॅगने, कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये कलेक्शन आणि सिक्युरिटी स्कोपने. इंट्यूनमध्ये ‘मल्टी अ‍ॅडमिन अप्रूव्हल’ आहे. स्क्रिप्ट आणि अ‍ॅपसाठी ते लावलं की एकाने टाकलेला बदल दुसऱ्याने मंजूर केल्याशिवाय जात नाही. कॉन्फिगरेशन मॅनेजरचं क्लायंट पुश (सर्व्हरवरून एजंट बसवण्याची सोय) वापरत असाल तर एनटीएलएमवर, म्हणजे जुन्या, कमकुवत लॉगिन पद्धतीवर, घसरण्याची मुभा बंद करा, कारण पुशचं खातं बहुतेक ठिकाणी सगळ्या मशीन्सवर अ‍ॅडमिन असतं आणि त्याची ओळखपत्रं वाटेत पकडून दुसरीकडे वापरता येतात.

कन्सोलचा सर्व्हर इंटरनेटवर उघडा असेल तर गोष्ट आणखी वर जाते. जुलै २०२३ मध्ये नॉर्वेच्या १२ मंत्रालयांवरचा हल्ला आयव्हँटीच्या मोबाइल व्यवस्थापन सर्व्हरमधून झाला. सीव्हीई-२०२३-३५०७८ मुळे लॉगिनशिवाय एपीआयपर्यंत (दुसऱ्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेल्या दारापर्यंत) पोचता येत होतं. आणि २ जुलै २०२१ ला कसेया कंपनीच्या व्हीएसए या व्यवस्थापन सर्व्हरमधून खंडणीखोर सॉफ्टवेअर ‘हॉटफिक्स’ म्हणून एजंटांकडे गेलं तेव्हा ते ज्या कामाच्या फोल्डरमध्ये उतरलं, तो अँटिव्हायरसमधून वगळायला उत्पादकानेच सांगितलेलं होतं. तुमच्याकडच्या वगळलेल्या फोल्डरांची यादी काढा. त्यातला एखादा साध्या युजरला लिहिता येत असेल, तर वरच्या तपासणीची सुरुवात तिथून करा.

प्रश्न : फोनवरच्या एमडीएमलाही (मोबाइल व्यवस्थापनालाही) हे लागू आहे का?

एजंटपुरतं, फार कमी. आयफोनवर व्यवस्थापनाची यंत्रणा ओएसमध्येच असते. कंपनीचं अ‍ॅप रूट म्हणून चालत नाही. अँड्रॉइडवरही वर्क प्रोफाइलचे (कामाच्या अ‍ॅप्सच्या वेगळ्या कप्प्याचे) अधिकार ओएस ठरवते. धोका सर्व्हर आणि कन्सोलचा, तो मात्र पूर्ण तेवढाच.

प्रश्न : फट आधीच वापरली गेली असेल तर कळेल कसं?

एजंटच्या सर्व्हिसने जन्माला घातलेले प्रोसेस तपासा. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६८८ ही नोंद नवीन प्रोसेसची. तिच्यात कमांडलाइन यायला वेगळी पॉलिसी चालू करावी लागते आणि ती बहुतेक ठिकाणी बंद असते. एजंटखाली कमांड प्रॉम्प्ट किंवा पॉवरशेल दिसणं यात नवल नाही, ते त्याचं कामच आहे. त्या वेळेला कन्सोलवर त्या मशीनसाठी काही पाठवलं होतं का, हे जुळवून बघा. कन्सोलवर नोंद नाही आणि मशीनवर प्रोसेस आहे, तर ते मशीन नेटवर्कवरून तोडा, बंद मात्र करू नका. मेमरीतले पुरावे जातात. त्याच्या पुढेमागे ४७३२, म्हणजे लोकल गटात नवा सदस्य, ४७२०, म्हणजे नवं खातं, आणि सिस्टिम लॉगमधली ७०४५, म्हणजे नवी सर्व्हिस, शोधा. ‘सिस्टिम’ मिळालेला माणूस लॉग पुसू शकतो, म्हणून मशीनवरच्या लॉगवर विसंबू नका. ते आधीच दुसरीकडे जात असतील तरच ही तुलना खात्रीने करता येते. कन्सोलचा ऑडिट लॉग किती दिवस टिकतो तेही बघून ठेवा. एजंटची फट उघडकीला येते तेव्हा हवे असलेले दिवस बऱ्याचदा गळून गेलेले असतात.